कव्हरातला आहेर

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत बहुतेक नीट परीक्षेच्या क्लासची पोरं असतात, नाहीतर त्या पोरांना डबे पोचवायला निघालेल्या आया. आम्ही यांपैकी कुणीच नव्हतो. आम्ही समाजाला जागं करायला निघालो होतो. समाज त्या वेळी खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि कंडक्टरनं आम्हाला बजावलं की घोषणा द्यायच्या असतील तर खाली उतरून द्या.

आमच्या कॉलेजात पर्यावरण गट आहे. फोटोत तो फार मोठा दिसतो. सुट्टी लागली आणि कुठंतरी उन्हात जायचं ठरलं की त्यातले तिघं उरतात. त्यातली एक फरहीन, देगलूर नाक्याजवळची. घोषणा तिच्या. दुसरा वैजनाथ, निलंग्याच्या पुढच्या एका खेड्यातला, नांदेडात होस्टेलवर राहणारा. तिसरी मी. पत्रकं मी लिहिते. माझ्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार असतात असं आमचे सर म्हणतात. असू देत. प्रश्नचिन्हं टाकून आजवर कुणी पिशवी सोडलेली नाही.

वैजनाथच्या थोरल्या बहिणीचं, सुवर्णाअक्काचं लग्न निघालं होतं. ते लग्न प्लास्टिकमुक्त करायचं असा ठराव आम्ही कँटीनमध्ये एकमतानं मंजूर केला. वैजनाथनं घरी फोन लावला तर त्याची माय म्हणाली, "या की. कामाला माणसं पाहिजेतच हायेत." ग्रामीण भागातून उत्स्फूर्त पाठिंबा, असं मी पत्रकात छापलं.

अर्धापूर

आधी आम्ही उलट्या दिशेला गेलो. लातूरच्या वाटेवर अर्धापूर लागत नाही, पण अर्धापुरात केळी आहेत, केळीला पानं आहेत, आणि पंगत केळीच्या पानावर बसवायची हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर हिरवंगार. आणि त्या हिरव्यात जागोजागी लोंबणाऱ्या निळ्या-पांढऱ्या पिशव्या. केळीच्या एकेका घडाला प्लास्टिकचा झगा घातलेला.

"स्कर्ट म्हणतेत त्याला," बागेचे मालक म्हणाले. वयानं काकाच होते, धोतर नव्हतं, ट्रॅक्टर होता आणि गळ्यात इअरफोन. "तुमच्या कॉलेजात पोरींला ड्रेसकोड आसंल ना ताई? तसा आमच्या घडाला हाय."

मी म्हटलं, "काका, केळीला देवानं साल दिलीच आहे की. वरून प्लास्टिक कशाला?"

"साल देवानं दिली हो. पण व्यापारी देवाला मानून नाही राहिला. सालीवर ठिपका दिसला की तोंड फिरवतो."

"आतून केळ तर चांगलंच असतं ना?"

"आत कोण बघून राहिलं?"

मग मी पानांचं काढलं. ते हसायलाच लागले. वाऱ्यानं अर्धी पानं आधीच फाटलेली, उरलेली या उन्हात निलंग्याला पोचेपर्यंत चिंध्या होतील, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी मागच्या वर्षी स्वतःच्या पोरीच्या लग्नात जेवण कशावर वाढलं? चकचकीत चंदेरी प्लेटांवर. केळीच्या बागेत मांडव घालून! मी जागच्या जागी निषेध नोंदवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि आम्हाला भरपूर केळी दिली. कॅरीबॅगमध्ये. कॅरीबॅग आम्ही बाणेदारपणे परत केली आणि केळी फरहीनच्या ओढणीत बांधली. अहमदपूरच्या अलीकडं एसटीत एक आजोबा त्या गाठोड्यावर बसले. पुढचा सगळा प्रवास फरहीन माझ्याशी बोलली नाही.

लातूर

लातूरच्या एका कॉलेजात आमचा सत्कार होता. कुठल्या ते सांगत नाही. तुम्ही ज्या कॉलेजात शिकलात तेच समजा. फाटकावर 'प्लास्टिक हटवा' लिहिलेला फ्लेक्स. फ्लेक्स कशाचा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक होतं. अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणूनच तर मोठा केलाय, सगळ्यांना दिसावा." मग त्यांनी पृथ्वीमातेवर भाषण केलं. ते इतकं लांबलं की पृथ्वीमाताही दोनदा उठून पाणी पिऊन आली असेल. मग जिलेटीन कागदात गुंडाळलेले बुके आले, आणि आमच्या खांद्यांवर शाली पडल्या. फोटो निघाले. स्टेजवरून उतरलो तर शिपाईमामा पायरीशी उभेच.

"शाल द्या ताई. दुपारी दुसरा सत्कार हाय."

त्यांनी तिन्ही शाली झटकल्या, जुन्या घड्यांवरच घड्या घातल्या आणि कव्हरात सरकवल्या. कव्हराची चिकटपट्टी इतक्यांदा उघडलेली की आता ती चिकटत नव्हती. मामांनी थुंकी लावून बसवली. मी हा प्रकार तेव्हा फक्त हसण्यावारी नेला. त्यातलं शास्त्र मला निलंग्याच्या पुढं गेल्यावर कळलं.

लातूर सोडण्याआधी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. नांदेडात आम्ही तिखट खातो असा आमचा समज आहे. तो गाड्यापाशीच सोडून आलो. पिवळाजर्द भात, आत मिरची कुठं कुठं दबा धरून बसलेली. प्लास्टिकची प्लेट नको म्हणून आम्ही स्टीलच्या ताटल्या पुढं केल्या तर गाडेवाला म्हणाला, "मोठी ताटली आणली म्हणून भात जास्ती न्हाई येणार हां." फरहीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण त्या भातापायी ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली, एवढं श्रेय त्याला द्यावंच लागेल.

निलंग्याच्या पुढं

गावात पहिलं स्वागत देवणी बैलानं केलं. वैजनाथच्या दाराशी बांधलेला, पांढऱ्या अंगावर काळे डाग, तोंड असं की जिल्ह्याचा साहेब. मी पिशवी खाली ठेवून नमस्कार करेपर्यंत त्यानं आमची पत्रकं काढली आणि शांतपणे चावायला घेतली. माझं लिखाण शेवटपर्यंत नेणारा तो एकटाच वाचक. कागदाचीच होती म्हणून जिवाला घोर लागला नाही. गावाबाहेरच्या उकिरड्यावर त्याचे भाऊबंद काय चघळत उभे होते ते येताना पाहिलं होतं.

वैजनाथची माय, आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो, हसून म्हणाली, "बसा, चहा घ्या. मग काय मुक्ती करायची ती करा." पत्रावळ्यांसाठी मी मोठं भाषण तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं. मावशींनी पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण आधीच आणून ठेवले होते. "आमटी गरम असती बाई. त्या चंदेरी प्लेटीला भोक पडतंय." येसराची आमटी इकडं लग्नात लागतेच; पातळ, झणझणीत, वाढता वाढता पळणारी. ती केळीच्या सपाट पानावर वाढली असती तर पंगत धावत सुटली असती, हे मला तेव्हा सुचलं. बोलले नाही.

वऱ्हाड उदगीरकडून येणार होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी देवाला निमंत्रण द्यायला देवळात गेल्या. जाताना वैजनाथला म्हणाल्या, "घरातलं प्लास्टिक काढायचं ते काढून घ्या लवकर, मला सारवायचंय." आता यात चूक कुणाची ते तुम्ही ठरवा. घरातलं प्लास्टिक म्हणजे घरातलं प्लास्टिक.

डबे झाले, दोऱ्या झाल्या. मग वैजनाथनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत काठोकाठ साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल, टोप्या. सगळं कव्हरात. आणि एवढ्यावर भागतंय कुठं? कव्हरात पुठ्ठा, पुठ्ठ्याला टाचण्या, काठाला प्लास्टिकच्या चिमट्या. मी खवळलेच. अंगात घालायच्या वस्तूला एवढं वेष्टन! आम्ही रांगेत बसलो. फरहीन कव्हर काढायची, मी चिमट्या-टाचण्या, वैजनाथ गोणीत भरायचा. गोणी प्लास्टिकचीच आहे हे फरहीननं दाखवून दिलं. मी तिला गप्प केलं.

एका ब्लाउजपीसातला पुठ्ठा ओढला आणि कापड माझ्या हातात दोन तुकडे होऊन आलं. घडीवरून बरोबर. फाडलं नाही, ओढलं नाही. दुसरं उघडलं, तेही घडीवरून जाळीसारखं विरलेलं. एका साडीच्या आतल्या पट्ट्यावर पिवळे डाग, वरची घडी मात्र काल दुकानातून आणल्यासारखी. निम्मी पेटी तशी निघाली.

तेवढ्यात मावशी आल्या. दारातच त्यांच्या हातातलं ताट कलंडलं.

"आगं माय माय! काय करून ठेवलाव हे?"

मी उभी राहिले. पत्रकातलंच वाक्य तोंडात आलं. "मावशी, कापडाला प्लास्टिकची गरज नसते. कापडाला श्वास लागतो."

"श्वास!" मावशी खाली बसल्या. "श्वास घेऊ दिला न्हाई म्हणून तर आहेर होता तो. आता घेतला श्वास, झाल्या चिंध्या."

फरहीननं हळूच विचारलं, "मावशी, पण हे कापड एवढं जुनं कसं? कुणी वापरलेलं तर दिसत नाही."

"आहेर वापरायला असतो का बाई? द्यायला असतो. ही साडी मला माझ्या भावजयीनं दिली. तिला तिच्या विहिणीनं. तिला कुणी, ते तिलाच ठाऊक. आम्ही कुणी फोडून बघितली न्हाई. फोडली की ठेवून घ्यावी लागती."

म्हणजे अख्ख्या दोन जिल्ह्यांत हे कापड लग्नामागून लग्न फिरत होतं, एकदाही अंगाला न लागता. कापड मेलं होतं, कव्हर जिवंत होतं. नांदेडात आमच्या आईच्या कपाटातही एक खण तसाच आहे हे मला त्या क्षणी आठवलं, आणि त्याला आम्ही 'देण्याघेण्याचं' म्हणतो हेसुद्धा. आम्ही शहरातले, आमच्या कपाटाला आरसा असतो एवढाच फरक.

मावशी रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या विहीणबाई समद्यांम्होरं हात लावून बघतील. कव्हर न्हाई म्हणल्यावर म्हणतील, जुनेर दिलं. अन् मला न्हाई म्हणायच्या. मी इथंच ऱ्हाणार. माझ्या लेकीला म्हणतील, तिच्याच घरात, उठता बसता."

यावर पत्रकात काही नव्हतं.

मी आणि वैजनाथ मोटरसायकलवर निलंग्याला गेलो. कव्हरं आणायला. होय, प्लास्टिकची. मी. पहिल्या कापडदुकानात मालकांनी भिंतीकडं बोट दाखवलं. "बंदी हाय ताई. तुमच्याच वयाची पोरं आली अन् हा बोर्ड डकवून गेली. लई बोलली मला." बोर्ड छान होता. उद्गारचिन्हं माझ्यापेक्षा जास्त. दुसऱ्या दुकानात विचारलं तर सेल्समन म्हणाला, "सुटं कव्हर न्हाई. साडी घ्या, कव्हर येतंय. नेसायची दाखवू का द्यायची?"

"दोन्हींत फरक काय?"

"द्यायची असली तर वरची घडी बघायची ताई. नेसायची असली तर मंग उघडून दाखवतो."

मालकांना वैजनाथच्या चेहऱ्याची दया आली असावी. त्यांनी मागच्या दारानं कव्हरांचं बिंडल दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझ्या आयुष्यातला पहिला चोरटा माल, आणि तो पॉलिथिनचा. परतताना वैजनाथ म्हणाला, "हे सरांला सांगणार का?" मी म्हटलं, "गाडी चालव."

घरी आलो, चूल पेटवायच्या काडेपेटीनं मेणबत्ती लावली, आणि कव्हरांची तोंडं ज्योतीवर धरून चिकटवायला मीच बसले. हिरवं लुगडं, खाली पुठ्ठा, फाटकी घडी आत, धड घडी वर. हात चांगला बसला माझा, खोटं कशाला बोलू. मावशी शेजारी बसून देत होत्या. एक झालं, दुसरं झालं.

तेव्हा आतल्या खोलीतून सुवर्णाअक्का आली. हाताला हळद, केस मोकळे. लातूरला एका दवाखान्यात ती नोकरी करते. आवाज वाढवायची सवय नाही तिला. तिनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"फाटकं द्यायचं न्हाई माय."

"कव्हरात हाय. कुणाला दिसतंय?"

"मला ठाऊक हाय ना. त्या घरात रोज पेटीकडं बघत बसू का, कोण कधी फोडतंय म्हणून?"

"अगं, कव्हराबिगर दिलं तर तुला जन्मभर ऐकावं लागंल!"

"एकदाच ऐकते की. धड हाय तेवढंच दे, उघडंच. कमी पडलं तर पडू दे."

"अन् विहीणबाईला काय देऊ? त्यांच्या मानाची साडीच फाटकी निघाली!"

अक्का आत गेली आणि स्वतःची साडी घेऊन आली. स्वतःच्या पगारातून घेतलेली, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येताना नेसायची म्हणून ठेवलेली. पोपटी, काठ राणी रंगाचा. मावशींनी ती हातात घेतली आणि मग मात्र त्यांना रडू आलं. वैजनाथ उगाचच बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. बैलानं तोंड फिरवलं.

मानपान

वऱ्हाड आलं तेच पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोकेच्या खोके उतरवत. प्लास्टिकमुक्त लग्न इथं संपलं असं ज्यांना वाटतं त्यांना माझा विरोध नाही. फरहीननं घसा बसेपर्यंत ओरडत बाटल्या गोळा केल्या. तिला वऱ्हाडातल्या एका बाईनं भंगारवाली समजून घरची रद्दी न्यायला उदगीरला बोलावलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मांडवात सतरंजीवर मानपान सुरू झाला. नवरदेवाचे चुलते, सगळे त्यांना तात्या म्हणत होते, पहिले बसले. मावशींच्या भावानं टॉवेल उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि टोपी थेट डोक्यावर घातली.

तात्यांनी टोपी काढून आतबाहेर बघितली. "कव्हर कुठाय हिचं?"

"न्हाई तात्या. तशीच हाय."

"तशीच?" त्यांनी शेजारच्याला विचारलं, पण मांडवभर ऐकू गेलं. "आता ही मी म्होरं कुणाला देऊ?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्या गोरेमोरे झाले. जे दोन जिल्ह्यांत कुणी कधी बोलत नाही ते त्यांच्या तोंडून भर मांडवात निघून गेलं होतं.

मग विहीणबाईंची पाळी. पोपटी साडी ताटात, उघडी. विहीणबाईंनी पदर बोटांत धरून चोळून बघितला, उलटा करून बघितला. मग विचारलं, "कव्हराबिगर कामून?"

मावशींनी वैजनाथकडं बघितलं. वैजनाथनं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीकडं. मुंडावळ्या बांधलेली अक्का नवऱ्याशेजारून म्हणाली, "आत्याबाई, ठेवायला न्हाई दिली. नेसायला दिली."

नव्या नवरीनं इतकं बोलायचं नसतं. हे मांडवातल्या सगळ्या बायकांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं दिसत होतं. विहीणबाई अक्काकडं बघत राहिल्या. मग साडीकडं.

"मला आजपस्तोर आल्या त्या समद्या कव्हरातच आल्या," त्या म्हणाल्या. "अन् कव्हरातच गेल्या. ही तर आता कुणाला देता बी येईना."

"हाव," अक्का म्हणाली.

"मंग नेसावंच लागंल की."

आणि त्या खरंच उठल्या, साडी काखेत मारली, आतल्या खोलीत गेल्या. बाहेर वाजंत्रीवाल्यांनी न सांगता वाजवायला घेतलं.

दरम्यान तात्या माझ्यामागं येऊन उभे. "पोरी, ती प्लास्टिक गोळा करणारी तूच ना? एखादं कव्हर दे की. टोपीपुरतं." एवढ्या मोहिमेत आमच्याकडं स्वतःहून आलेला हा पहिला नागरिक. माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अख्खं बिंडल होतं. मी म्हटलं, "नाही तात्या. बंदी आहे." त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि फोटोला गेले. फोटोत ती चांगली दिसते.

विहीणबाई बाहेर आल्या त्या पोपटी साडीत. निऱ्या घाईत बसलेल्या, काठ थोडा वर चढलेला. कुणाकडंही न बघता सरळ अक्काशेजारी येऊन बसल्या.

"रंग काय माझ्या जोगा न्हाई," त्या म्हणाल्या.

"उठून दिसलाव की आत्याबाई."

"ह्या वयात पोपटी? लोक काय म्हणतील? मला इचारून घ्यायची होतीस."

"पुढल्या वक्ताला दोघी मिळून जाऊ. लातूरला."

"लातूरला कशाला? उदगीरला काय साड्या मिळत न्हाईत?"

"मिळतेत. पण उघडून दाखवत न्हाईत."

निरोपाच्या वेळी मावशींना लेकीला कवटाळून रडायचं होतं. बायका तयारीनं पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. पण जीपमध्ये त्या दोघींचं काठाच्या रंगावरून अजून चाललेलंच होतं; अक्कानं बोलता बोलताच हात बाहेर काढून मायच्या गालावरून फिरवला. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, निघू का. कुणी ऐकलं नाही, म्हणून तो निघाला. कोपऱ्यावर जीप वळताना विहीणबाई पदर खिडकीबाहेर उजेडात धरून सुवर्णाअक्काला दाखवत होत्या, हा राणी नव्हेच, हा जांभळा.